छाटलेले समास

सिद्धप्पाच्या हातची बांधणी ओळखायला पुस्तक उघडावं लागत नाही. पुस्तक उभं धरायचं, डोळे मिटायचे आणि पानांच्या कडेवरून अंगठा फिरवायचा. एक पान पुढं नाही, एक मागं नाही. सोलापुरात बाळीवेशीच्या अलीकडं मल्लिनाथ संशोधन ग्रंथालयाची जुनी दुमजली इमारत आहे. तिथल्या कपाटांतली निम्मी पुस्तकं याच माणसानं शिवलेली, चिकटवलेली आणि छाटलेली आहेत. छाटलेली हा शब्द लक्षात ठेवा, कारण सगळी गोष्ट तिथंच अडकलेली आहे.

माणूस मूळचा अक्कलकोटकडचा. घरात कन्नड, बाहेर मराठी, शाळा चौथीपर्यंत. पोरवयात एका बाइंडिंगच्या दुकानात खळ शिजवायला लागला आणि तिथून या ग्रंथालयात आला तो आलाच. खळीत मोरचूद घालायचा, म्हणजे कसर लागत नाही. शिवण पानाच्या चांगली बोटभर आत घ्यायचा, म्हणजे पुस्तक ओढलं तरी सुटत नाही. आणि शेवटी मागच्या खोलीतल्या मशीनवर ठेवून, चाक फिरवून, तिन्ही कडा अशा छाटायचा की बघणाऱ्यानं बघत राहावं. ग्रंथालयानं त्याला कधीच निवृत्त केलं, पण त्यानं काही ग्रंथालयाला निवृत्त केलं नाही. रोज सकाळी डबा घेऊन तो हजर. वयानं हात जरा कापतो, पण दाभण धरली की कापायचा थांबतो.

खरं सांगायचं तर त्याला थोडी घमेंड होती. असावी की! शहाण्या लोकांनी लिहावं, विद्वानांनी वाचावं, पण त्या दोघांच्या मधली वर्षं पुस्तकानं कुणाच्या जिवावर काढायची? सिद्धप्पाच्या. असं तो उघड म्हणत नसे, पण त्याच्या चालण्यात ते दिसे.

पूर्वी या ग्रंथालयात शिरणं म्हणजे देवळाच्या गाभाऱ्यात शिरण्यासारखं होतं. किल्ली ट्रस्टींकडं, ट्रस्टी दुकानात, आणि दुकानात गिऱ्हाईक. लांबून आलेला माणूस दोन चकरा मारून वैतागून परत जायचा. मग भुवनेश्वरी मॅडम ग्रंथपाल म्हणून आल्या. "कुलपातच ठेवायचं असेल तर तिजोरी बांधा, ग्रंथालय कशाला?" असं त्यांनी भर मीटिंगमध्ये विचारलं होतं. त्यांनी कपाटं उघडली, पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर घातली, इंटरनेटवर चढवली. तेव्हापासून गुलबर्ग्याहून, पुण्याहून, हैदराबादहून माणसं यायला लागली. सिद्धप्पाला याचा कोण आनंद! कुणी त्याच्या हातचं पुस्तक मागितलं की तो फडकं घेऊन वाचन-दालनात घुसायचा आणि उगाच शेजारचं टेबल पुसत राहायचा. अंगठा कडेवरून फिरतो का, हे बघायला.

सृष्टी आली ती गणपती उठल्यावर. मंगळवेढ्याची मुलगी, घरी काळं रान, रब्बीची ज्वारी. विद्यापीठात तिनं संशोधनाला विषयही घरचाच घेतला होता: आपल्या भागात पूर्वी पाऊस कसा पडायचा आणि ज्वारीचा पेरा कधी व्हायचा. मृगाच्या पावसाचं कौतुक बाकीच्यांना. मंगळवेढ्याच्या ज्वारीला लागतात उत्तरा आणि हस्त, ही दोन नक्षत्रं. ती कोरडी गेली की घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही, हे ती लहानपणापासून बघत आली होती.

एका जुन्या लेखात तिला एक फोटो सापडला होता. लेख लिहिणारे प्राध्यापक आता हयात नाहीत. फोटोत होतं शंभर वर्षांपूर्वीच्या पंचांगाचं एक पान, आणि छापील मजकुराच्या बाजूला जो कोरा पट्टा सोडलेला असतो, ज्याला समास म्हणतात, त्यात बारीक टाकानं लिहिलेलं: उत्तरा कोरडी. हस्तात दोन पाणी. पेरा झाला. लिहिणारा होता भुसार बाजारातला आडत्या, महेश्वरप्पा. ज्वारीचा व्यापार, म्हणून पावसावर नजर. दर पंधरवड्याला तो पंचांगात त्या-त्या तिथीशेजारी पाऊस लिहून ठेवायचा. फोटो काढला तेव्हा पंचांगं त्याच्या घरीच होती; नंतर नातवंडांनी ती सगळी या ग्रंथालयाला दिली होती. सृष्टीच्या मार्गदर्शकांनी सांगितलं होतं, ही सगळी वर्षं मिळाली तर तुझ्या प्रबंधाला दुसरं काही नको. आणि नाही मिळाली तर विषय बदल.

"पंचांगं?" भुवनेश्वरी मॅडमना नवल वाटलं. "ती कुणीच मागत नाही गं." त्यांनी कॉम्प्युटरवर पाहिलं. "आहेत. बांधीव खंड आहेत. सिद्धप्पाकाका, वरच्या मजल्यावरून महेश्वरप्पांची पंचांगं आणता का?"

"आणतो की! माझ्याच हातची हायेत ती."

त्यानं ते खंड फडक्यानं पुसून, छातीशी धरून जिन्यावरून उतरवले. लाल कापडाचे पुठ्ठे, सगळे एका उंचीचे, एका रुंदीचे. टेबलावर ओळीनं मांडले आणि तो शेजारचं स्वच्छ टेबल पुसायला लागला.

सृष्टीनं पहिला खंड उघडला. पान उलटलं, दुसरं उलटलं. मग भराभर उलटायला लागली. पोरगी घाईची दिसते, असं सिद्धप्पाला वाटलं. तिनं दुसरा खंड ओढला, तिसरा ओढला. मग ती उभी राहिली.

"कुणी केलं हे?" तिचा आवाज दालनभर गेला. वाचणाऱ्या सगळ्यांनी माना वर केल्या.

"मी," सिद्धप्पा म्हणाला. त्याच्या तोंडावर अजून हसू होतं. शाबासकी या आवाजात येत नसते, हे कळायला त्याला क्षणभर लागलं.

सृष्टीनं मोबाईलवरचा फोटो त्याच्यासमोर धरला आणि खंडातलं तेच पान उघडलं. तेच कोष्टक, कोपऱ्यात तोच शाईचा डाग. फोटोत बाजूला रुंद समास आणि त्यात लिहिलेला पाऊस. खंडातल्या पानाला समास नव्हताच. छापील चौकट संपली की कागद संपत होता. अगदी काठावर काही अक्षरांचे शेंडे तेवढे अडकून राहिले होते. एक अर्धा काना. एका उकाराची शेपटी.

सिद्धप्पानं फोटोवर बोट ठेवलं. मग पानावर ठेवलं. पुन्हा फोटोवर. आयुष्यभर ज्या कडेवर लोकांचे अंगठे फिरले, तीच कड होती ही. इतकी सरळ की एक अक्षरसुद्धा वाचलं नव्हतं.

त्याला सगळं आठवलं. पंचांगं पोत्यातून आली होती. वेगवेगळ्या छापखान्यांची, कुठलं मोठं, कुठलं लहान. एकत्र शिवायची तर माप एक हवं. म्हणून त्यानं सगळ्यात लहान पंचांग वर ठेवलं आणि बाकीची सगळी त्याच्या मापाला आणली. ट्रस्टी शिवराजप्पा तेव्हा मुद्दाम मागच्या खोलीत आले होते. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला होता आणि म्हणाले होते, "आता कसं पुस्तकासारखं दिसतंय!" शिवराजप्पा वकील होते, लोक त्यांना विद्वान म्हणायचे. त्या विद्वानाला पोत्यात हात घालून एक पान वाचावंसं वाटलं नाही. ग्रंथालयातल्या इतर कुणालाही वाटलं नाही. पंचांगच ते, जुनं झालं की कोण बघतं? या एका विचारावर सगळ्यांचं एकमत होतं, आणि मशीनचं चाक तेवढं सिद्धप्पाच्या हातात होतं.

"ते तुकडे?" सृष्टीनं विचारलं. आवाज खाली आला होता. "कापलेले तुकडे कुठं टाकतात?"

"टाकत न्हाय ताई. कातरण मी घरी नेतो. ती पण पोतंभर नेली हुती."

सृष्टीचा चेहरा एकदम उजळला. "घरी आहेत? सगळे?" तिनं त्याचा हातच धरला. "काका, तुकडे असले तरी चालतील. मी जुळवीन. वर्षभर बसून जुळवीन."

कातरण घरी कशाला नेतो, हे सांगायला सिद्धप्पानं तोंड उघडलं, पण नुसता हात सोडवून घेतला. "उद्या सांगतो," एवढं पुटपुटून तो मागच्या खोलीतून सायकल न घेताच निघाला.

जोडभावी पेठेतल्या घराच्या ओट्यावर रत्नम्मा शेंगा फोडत बसली होती. नवरा भर दुपारी, चालत, घामाघूम आलेला बघून ती दचकली.

"अय्यो, काय झालं हो? सायकल कुटंय?"

"त्या पंचांगाची कातरण कुटं हाय?"

"कसली कातरण?"

"लई वर्सांमागं आनली न्हवती का पोतंभर. जाड कागद, पिवळट. त्यावर शाईचं लिवलेलं हुतं बग."

"ती व्हय!" रत्नम्मा हसली. "ती कवाच भिजवली की. मेथी घालून उखळात कुटली. असला चिवट लगदा पुन्ना झाला न्हाय. आनी कुटं शोधताय? हितंच तर हाय." तिनं हनुवटीनं आत दाखवलं.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भाकरीची बुट्टी होती. वेताच्या टोपलीला आतून-बाहेरून कागदाचा लगदा लिंपून, वाळवून, गुळगुळीत केलेली. अशा बुट्ट्या सोलापूरकडच्या कितीतरी घरांत होत्या. मेथीनं किडा लागत नाही, कडक भाकरी आठवडाभर कुरकुरीत राहते. रत्नम्माच्या बुट्ट्यांचं तर सगळ्या गल्लीत नाव होतं, कारण तिच्याकडं ग्रंथालयाचा उंची कागद यायचा. शेजारणी त्यासाठी तिचा हेवा करत.

सिद्धप्पा बुट्टीसमोर मटकन खाली बसला. किती वर्षं तो यातली भाकरी खात आला होता! महेश्वरप्पानं ज्या ज्वारीसाठी पाऊस लिहिला, त्याच ज्वारीची भाकरी, त्याच पावसात ठेवलेली. त्यानं बुट्टी उजेडाला धरली आणि नखानं खरवडून बघितली. एक निळसर ठिपका दिसला. बाकी सगळं पिवळं, सपाट, पक्कं.

"नखं काय लावताय? फुटंल की!"

मग त्यानं बायकोला सांगितलं. ती मुलगी, तो फोटो, तो पाऊस. रत्नम्मा ऐकत होती, तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "म्हंजे," ती हळूच म्हणाली, "त्या मानसाचं जल्माचं लिवणं मी उखळात घातलं?"

"तुजं काय चुकलं? आनून मी दिलं."

सिद्धप्पानं बुट्टी जागेवर ठेवली. मग सिद्धप्पा म्हणाला, "उंदरांनी खाल्लं म्हनून सांगतो."

रत्नम्मानं अशा नजरेनं बघितलं की त्यानं मान खाली घातली. "ती पोर शोधत बसंल. आज हितं, उद्या तितं. उंदरांनी कुटलं खाल्लं, थोडं ऱ्हायलंय का म्हनंल. खोट्याच्या नादी लावू नका तिला. बुट्टी घिऊन जावा."

दुसऱ्या दिवशी सृष्टी ग्रंथालय उघडायच्या आधीच पायरीवर बसली होती. सोबत भिंग, चिमटा आणि प्लास्टिकच्या पाकिटांचा गठ्ठा. प्रत्येक पाकिटावर तिनं एकेक वर्ष घालून ठेवलं होतं. मार्गदर्शकांना फोन करून कळवलंही होतं. सिद्धप्पानं ती पाकिटं बघितली आणि त्याला वाटलं, उंदीरच बरे होते.

त्यानं बुट्टी टेबलावर ठेवली. भुवनेश्वरी मॅडमही जवळ आल्या.

"ह्येच हाय ताई."

सृष्टीनं वरचं फडकं काढलं. आत रत्नम्मानं तिच्यासाठी दिलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी होती. तिनं भाकऱ्या उचलून खाली बघितलं. "काका, तुकडे कुठायत?"

"ह्येच की. ही बुट्टीच. मंडळीनं लगदा करून लिंपलंय."

सृष्टी बुट्टीकडं बघत राहिली. तिला ऐकू आलं होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं. मग तिनं बुट्टीच्या काठाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. मॅडमनी खुर्ची ओढली आणि खाली बसल्या.

"लिहिलेलं होतं तिथं," सृष्टी म्हणाली. "तुम्हाला दिसलं नव्हतं का?"

"दिसलं की," सिद्धप्पा म्हणाला. "म्हनून तर कापलं. कुनीतरी पुस्तक घान केलंय वाटलं मला."

तो खोटं बोलला असता, रडला असता, तर तिला रागावता तरी आलं असतं. भुवनेश्वरी मॅडमच शेवटी म्हणाल्या, "आल्यापासून मी यांचं काम पाहुण्यांना दाखवतेय. याच खंडांवर हात फिरवून दाखवलंय. उघडून मीपण नाही बघितलं कधी." यादी इंटरनेटवर चढवताना त्यांनी 'सुस्थितीत' असा शेरा मारला होता, तो त्यांना आठवत असावा.

सृष्टीनं पाकिटं पिशवीत भरली. जायच्या आधी उरलेल्या शेंड्यांचे तरी फोटो घ्यावेत म्हणून तिनं पहिला खंड उघडून दाबला. बांधणी इतकी घट्ट की पान सपाट होईना. तिनं दोन्ही तळव्यांनी जोर लावला, आणि थांबली. शिवणीच्या खाचेतून, जिथं दोन पानं एकमेकांत शिरतात, तिथून एक काळी रेघ बाहेर डोकावत होती.

"काका, हा माणूस आतल्या बाजूलापण लिहायचा का?"

सिद्धप्पाला तिचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच कळलं. त्याची शिवण! पानाच्या बोटभर आत घेतलेली शिवण. "तितवर मशीनचं पातं जात न्हाय," तो म्हणाला. "आतलं कापलेलं न्हाय ताई. आतलं मी दाबून टाकलंय."

"मग सोडवता येईल?"

"बांधणी सोडायची तर ट्रस्टचा ठराव लागतो," मॅडम सवयीनं म्हणाल्या. हा नियम सिद्धप्पाच्या कामाचा मान राखायलाच केलेला होता.

"मॅडम, तुमची मीटिंग हुईपर्यंत हस्त निघून जाईल," सिद्धप्पा म्हणाला आणि सुरी आणायला गेलासुद्धा.

मॅडमनी त्याच्या पाठीकडं बघितलं, मग सृष्टीकडं. "सोडा," त्यांनी मोठ्यानं सांगितलं. "मीटिंगचं मी बघते."

त्यानं खंड पालथा घातला आणि लाल कापडात सुरी घातली. मोरचुदाची खळ कडक झालेली, ती टरकन सुटली. पुठ्ठा निखळला. मग एकेक टाका. आपलाच टाका तोडायला इतका जोर लागतो, हे त्याला पहिल्यांदा कळत होतं. त्याच्या उत्तम कामांतलं हे एक काम. हात आता कापत नव्हता, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तो थांबत नव्हता. शेवटचा दोरा निघाला. सगळ्यात वरचं पंचांग सुटं झालं, आणि पहिल्या पानाचा आतला समास इतक्या वर्षांनी उजेडात आला. बोटभर रुंद, वरपासून खालपर्यंत भरलेला, शाई काळीभोर.

सृष्टी वाकली. पण सिद्धप्पानं हात आडवा धरला. "थांबा. मी वाचतो."

आयुष्यात त्यानं पुस्तकं शिवली होती, वाचली नव्हती. अक्षरांखाली बोट धरून, शाळेतल्यासारखं एकेक जुळवत तो वाचायला लागला.

"पाऊस... जसा येईल... तसा लिहीत जाणार आहे. माझ्यामागं... हे ज्याच्या हाती जाईल... त्यानं..."

पुढच्या शब्दापाशी तो अडकला. त्या शब्दाच्या मधोमध भोक होतं, त्याच्याच दाभणीचं. त्यानं पान उजेडाला धरलं, शब्द भोकाभोवती जुळवला.

"...जपावं."

सिद्धप्पानं पान अगदी अलगद टेबलावर ठेवलं.

"जपलं की ओ," तो त्या पानाला म्हणाला. "लई जपलं."

मग त्यानं दुसरा खंड जवळ ओढला, पालथा घातला आणि सुरीचं टोक शिवणीवर टेकवलं.